कडी, कोयंडा आणि कल्पित चोर

मराठी मध्यमवर्गीय घराच्या संरक्षणव्यवस्थेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही व्यवस्था ज्याच्या बंदोबस्तासाठी उभारलेली असते तो चोर आणि प्रत्यक्षात घर फोडणारा चोर या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. पहिल्याला येथे 'कल्पित चोर' म्हणता येईल. तो घरमालकाच्या मनात राहतो, घरमालकाच्याच स्वभावावर पोसलेला असतो आणि त्यामुळे त्याची वागणूकही बरीचशी घरमालकासारखीच असते. म्हणजे तो भिंतीवरच्या पाट्या वाचतो, कुत्र्याला घाबरतो, घरात दिवा दिसला की 'उगाच कशाला त्रास द्या' असे म्हणून माघारी फिरतो आणि चारचौघांत शोभा होईल असे काही करत नाही. दुसरा चोर म्हणजे वर्तमानपत्रांतला 'अज्ञात चोरटा'. त्याच्याविषयी घरमालकाला फारशी माहिती नसते आणि करून घेण्याची इच्छाही नसते, कारण पहिल्याशी त्याचे वर्षानुवर्षे उत्तम जमलेले असते.

मे महिन्यात किंवा दिवाळीत घर आठ-दहा दिवस बंद ठेवून गावाला जाण्याची वेळ आली की या कल्पित चोराचा पाहुणचार सुरू होतो. घरात माणसे आहेत असे त्याला वाटावे म्हणून बाहेरच्या खोलीतला दिवा चालू ठेवला जातो, आणि तो भर दुपारी बारालाही जळत राहिल्यामुळे घरात कोणी नाही हे समोरच्या इमारतीपर्यंत कळते. दाराबाहेर पुरुषी मापाच्या जुन्या चपलांचा एक जोड मांडला जातो. दोरीवर एक सदरा वाळत घातला जातो, जो आठ दिवस उन्हापावसात तसाच राहून शेवटी पुसायच्या फडक्याच्या योग्यतेला पोहोचतो. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असते; तिच्यातला कुत्रा कधीकाळी होऊन गेलेला असतो, किंवा पाटी मागच्या मालकाची असते. यानंतर घर बंद असल्याची बातमी बाहेर फुटू नये म्हणून ती अत्यंत विश्वासाने दूधवाला, पेपरवाला, फुलपुडीवाला, घरकाम करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला आणि वॉचमन यांना सांगितली जाते, व प्रत्येकाला 'कोणाला बोलू नका' अशी ताकीदही दिली जाते. राहिलेल्या जगाला ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून कळते. तेथे दल सरोवरातील शिकाऱ्यात बसलेले सबंध कुटुंब, मागे बर्फाच्छादित शिखरे आणि खाली 'अजून पाच दिवस फुल्ल धमाल' हा मजकूर असतो. कल्पित चोर घरमालकाच्या संपर्कयादीत नसल्यामुळे यात कोणाला काही धोका दिसत नाही.

चोराविषयी कल्पना करण्याचा मक्ता घरमालकाकडेच आहे असे मात्र नाही. कायद्यानेही आपापल्या परीने हे काम केले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ४४५ मध्ये 'घरफोडी' या गुन्ह्याचे सहा प्रकार सांगितले. त्यांचा सारांश असा की, परक्याच्या घरात गुन्ह्याच्या हेतूने शिरणे एवढ्यावर घरफोडी होत नाही, तर त्यासाठी भिंतीला भोक पाडणे, माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने घुसणे, कुलूप उघडणे, दारात उभ्या असलेल्या माणसावर बळजबरी करणे, अशा काही विशिष्ट रीतींचा अवलंब करावा लागतो. पुढच्याच कलमात रात्रीची घरफोडी वेगळी काढली असून तेथे रात्र म्हणजे सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयापूर्वीचा काळ होय. हे प्रकार नीट समजावेत म्हणून कलमाखाली उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांत चोरी करणारा व जिच्या घरी चोरी होते ती व्यक्ती यांना इंग्रजी वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर बहाल केले आहे. मराठीच्या सोयीसाठी त्यांना 'क' आणि 'य' म्हणू. या 'य'इतका दुर्दैवी घरमालक भारतीय वाङ्मयात दुसरा सापडणे कठीण आहे. त्याच्या भिंतीला भोक पाडून 'क' आत हात घालतो. खिडकीतून आत शिरतो. दाराच्या भोकातून तार घालून आतली खिट्टी वर उचलतो. 'य'ची हरवलेली किल्ली नेमकी 'क'लाच सापडते. आणि एकदा तर 'य' स्वतःच्या दारात उभा असताना 'क' त्याला आडवा पाडून आत जातो. इतके सगळे सोसल्यावर शेवटच्या उदाहरणात 'य' दुसऱ्याच कोणाच्या तरी दारावर द्वारपाल म्हणून उभा असलेला दिसतो, आणि तेथेही 'क' येऊन त्याला मारण्याची धमकी देतोच. एवढ्या घरफोड्यांनंतर माणसावर नोकरी करण्याची पाळी यावी हे तर्काला धरूनच आहे, परंतु भाष्यकारांचे याकडे लक्ष गेलेले दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली व घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये आली. कलमाचा क्रमांक बदलला तरी घरमालकाचे ग्रह बदलले नाहीत.

कायद्याहून कितीतरी आधी, आणि अधिक सहानुभूतीने, या विषयाचा विचार शूद्रकाने 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात केला. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपामुळे हे नाटक मराठी प्रेक्षकांच्याही घरचे झाले. त्याच्या तिसऱ्या अंकातील शर्विलक हा चोर जातीने ब्राह्मण, वृत्तीने विद्वान आणि पद्धतीने इतका शास्त्रशुद्ध आहे की, त्याच्यापुढे आजचा घरमालक केवळ हौशी ठरावा. नाटकाचा नायक चारुदत्त याच्या वाड्याची भिंत फोडण्यापूर्वी तो भिंतीच्या प्रकारांची उजळणी करतो: भाजलेल्या विटा असतील तर त्या ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची भिंत असेल तर भिजवावी आणि लाकडाची असेल तर फाडावी. मग भोक कोणत्या आकाराचे पाडावे हा प्रश्न येतो. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ असे पर्याय त्याच्यापुढे असतात, आणि पक्क्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभच शोभून दिसेल असा निर्णय तो घेतो. कारण सकाळी शेजारीपाजारी जमतील तेव्हा त्यांनी दोषाबरोबर कौशल्याचीही चर्चा करावी, अशी त्याची इच्छा असते. मोजमापाची दोरी घरी विसरल्याचे लक्षात येताच तो गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो आणि ब्राह्मणाला जानव्याचे किती उपयोग असतात यावर जाता जाता एक छोटे प्रवचनही करतो.

येथवर शास्त्राने साथ दिली, पण चोरानेही एक कल्पित घरमालक मनात धरलेला असतो हे पुढे उघड होते. वाडा मोठा म्हणजे मालक श्रीमंत, एवढ्या अनुमानावर शर्विलक आत शिरतो, आणि त्याला दिसतात मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. हे एखाद्या नाट्याचार्याचे घर तर नव्हे, अशी शंका त्याला येते. जमिनीत काही पुरले असेल म्हणून तो मंतरलेले दाणे टाकून पाहतो, पण दाणे फुगत नाहीत, आणि हा मनुष्य खरोखरच दरिद्री आहे असा निष्कर्ष काढून तो रिकाम्या हाताने निघण्याच्या बेतात असतो. अशा वेळी घराच्या संरक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो मैत्रेय झोपेत बरळू लागतो. नायिका वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिन्यांचा करंडा उशाशी घेऊन निजलेला हा रखवालदार झोपेतच गाई-ब्राह्मणाची शपथ घालून तो करंडा चोराच्या स्वाधीन करतो आणि डोक्यावरचा भार उतरल्यासारखा गाढ झोपी जातो. सकाळी चारुदत्त भिंतीतले भोक पाहतो तेव्हा आधी त्याच्या सौंदर्याचे कौतुक करतो, मग आपल्या घरून बिचारा चोर विन्मुख गेला असेल म्हणून हळहळतो, आणि दागिने गेले हे कळल्यावर, निदान तो हात हलवत तरी गेला नाही, याचा त्याला आनंद होतो. दागिने परक्याची ठेव होते हे आठवल्यावर मात्र तो मूर्च्छित पडतो. संरक्षणशास्त्राच्या इतिहासात चोर, राखणदार आणि मालक हे तिघेही एवढे सुसंस्कृत असल्याचे दुसरे उदाहरण नाही, आणि निष्पत्ती पाहता ते नसणे बरेच.

आधुनिक काळात जानव्याची जागा पहारीने घेतली आणि मैत्रेयाची कुलपाने. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनःशांतीचा एक मोठा हिस्सा लिव्हरांत मोजला जाऊ लागला. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातील पातळ धातूच्या पट्ट्या. योग्य किल्ली फिरवली की त्या सगळ्या एकाच वेळी नेमक्या उंचीवर उचलल्या जातात आणि तेव्हाच आतला दांडा सरकतो, म्हणून पट्ट्या जितक्या जास्त तितके खोट्या किल्लीचे काम अवघड. ही माहिती घरमालकाला तोंडपाठ असते. दुकानात तो कुलूप तळहातावर तोलून पाहतो, किती लिव्हर हे दोनदा विचारतो, घरी आल्यावर ते लावून, ओढून, लटकून पाहतो, आणि मग ते पितळी, भारदस्त, सात लिव्हरचे कुलूप ज्या कोयंड्यात अडकवतो तो कोयंडा चौकटीच्या लाकडात अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनी बसवलेला असतो. त्यांपैकी एक स्क्रू मागच्या रंगकामात हरवलेला असतो, दुसऱ्याचे भोक मोठे झाल्यामुळे सुताराने त्यात आगपेटीची काडी कोंबून तो 'घट्ट' केलेला असतो, आणि उरलेल्या दोघांवर संसार चाललेला असतो. घरफोडीच्या बातम्यांत चोरट्यांनी 'कडी-कोयंडा उचकटून' प्रवेश केल्याचे इतक्या वेळा छापून येते ते याचमुळे. कुलपाला सहसा कोणी हात लावत नाही. ते सकाळी पोलिसांना जमिनीवर सुस्थितीत, बंद अवस्थेत सापडते, आणि ते बंदच राहिले याचा त्याच्या मालकाला त्याही परिस्थितीत किंचित अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही.

कुलूप लावले की किल्ली उरते, आणि कुलपापेक्षा किल्लीचे रक्षण अधिक अवघड आहे. बाहेरच्या दाराची किल्ली पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीमागे, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटातल्या उजव्या बुटात ठेवण्याची पद्धत आहे. ही जागा घरातल्यांना सोपी आणि इतरांना अशक्य वाटावी असे तीमागचे तत्त्व असले तरी, प्रत्येक घराने स्वतंत्रपणे संशोधन करून सबंध इमारतीने याच चार जागा शोधून काढलेल्या असतात. लोखंडी कपाटाची किल्ली कपाटाच्याच डोक्यावर असते. कपाटाच्या आतील तिजोरीची किल्ली त्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली असते. पलंगाच्या पोटात किंवा खणाच्या मागे सुताराकडून करून घेतलेला चोरकप्पा असतो, ज्याचे अस्तित्व कोणालाही कळू द्यायचे नसते, मात्र नव्या घराच्या वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो उघडून, बंद करून, 'कळतंय का बघा बरं' असे म्हणून दाखवलेला असतो. शिवाय त्या सुताराने तोच कप्पा, त्याच जागी, त्याच रस्त्यावरच्या इतर अनेक घरांत केलेला असतो.

खरी गुप्तता स्वयंपाकघरात नांदते. तांदळाच्या डब्याच्या तळाशी बांगड्या, तूरडाळीत कापडात गुंडाळलेली मोहनमाळ, मेतकुटाच्या बरणीमागे नोटांची गुंडाळी आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे आणीबाणीचे दोन हजार, ही मांडणी मुख्यतः घरातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या हातात असते, आणि तिचा नकाशा केवळ तिच्या स्मरणात असतो. कल्पित चोर पुरुष असून तो स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, ही या मांडणीमागची श्रद्धा होय, आणि ती घरातल्या पुरुषांच्या दीर्घ निरीक्षणावर आधारलेली असल्यामुळे तिला अशास्त्रीय म्हणता येत नाही. अज्ञात चोरटा मात्र डबे सर्वांत आधी उपडे करतो. या पद्धतीचे खरे बळी घरचेच असतात: आजी घर आवरायला काढते तेव्हा मोहनमाळ कोणत्या डाळीत होती ते तिला आठवत नाही, आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात काही होते हे आठवते तेव्हा उशी बोहारणीकडे जाऊन तिच्या बदल्यात आलेला स्टीलचा डबा वापरात आलेला असतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत, म्हणजे बोलीभाषेतल्या सोसायटीत, संरक्षणाचे काम सामुदायिक असल्यामुळे ते कोणाचेच नसते. प्रवेशद्वारावर एक नोंदवही असते. तिच्यात नाव, कोठून आले, कोणाकडे जायचे, वेळ आणि सही असे रकाने आखलेले असतात, आणि पहिल्या ओळीनंतर पानभर 'वरीलप्रमाणे' या अर्थाच्या दोन टिंबांची रांग खाली उतरत जाते. हाताने पुडके उंचावून 'पार्सल' एवढाच शब्द उच्चारणारा कोणीही तरुण या वहीपाशी न थांबता लिफ्टपर्यंत जाऊ शकतो. सभासदाच्या सासूबाईंना मात्र दर वेळी थांबवून कोणाकडे, कशासाठी, असे विचारले जाते. वॉचमन एका एजन्सीचा असतो, त्याची पाळी बारा तासांची असते, पगार बारा तास डोळे उघडे ठेवण्याइतका नसतो, आणि त्याच्या कामांत गाड्या पुसणे, पाण्याची मोटर चालू-बंद करणे, सेक्रेटरींच्या घरी भाजी पोहोचवणे यांचा समावेश असल्यामुळे राखण करण्याला वेळ तसा कमीच मिळतो. सीसीटीव्हीचे कॅमेरे बसवावेत की नाही यावर सर्वसाधारण सभेत दोन वर्षे खल होतो. शेवटी बसवले जातात तेव्हा त्यांचा रोख, कोणाची स्कूटर कोणाच्या जागेत उभी राहते आणि कचऱ्याची पिशवी जिन्यात कोण ठेवते, या ज्वलंत प्रश्नांकडे असतो. घरफोडी झालीच तर चित्रण पाहण्याचा पासवर्ड ज्या एकमेव पदाधिकाऱ्याला ठाऊक असतो तो मुलाकडे अमेरिकेला गेलेला असतो. तो सापडलाच, तर चित्रण साठवणारे यंत्र, म्हणजे डीव्हीआर, चोरटे जाताना सोबत घेऊन गेल्याचे निष्पन्न होते.

कुलूपमुक्त जीवनाचा आदर्श म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरकडे बोट दाखवले जाते. चोरी करणाऱ्याला शनिदेव स्वतः शासन करतो या श्रद्धेमुळे तेथील घरांना दाराच्या फळ्या नसत. फार तर कुत्री आत येऊ नयेत म्हणून एखादी फळी आडवी लावली जाई. २०११ मध्ये यूको बँकेने गावात शाखा काढली तेव्हा तिनेही दाराला कुलूप न लावण्याचे ठरवले, ही बँकिंगच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानावी लागेल. राज्यभरातून भाविक हे पाहायला जातात. जाताना ते घराला दोन कुलपे लावून निघतात, दर्शनाच्या रांगेत पाकिटावर हात ठेवून उभे राहतात, आणि बिनकुलपाच्या घरांसमोर उभे राहून हात जोडताना मागे गाडी लॉक केली आहे ना, हे किल्लीचे बटण पुन्हा दाबून पाहतात.

घरातल्या चोरीच्या या धास्तीवर उपाय म्हणून पुष्कळ जण सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. तो उघडायला बँकेची एक आणि ग्राहकाची एक अशा दोन किल्ल्या लागतात. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी अशा कारणांनी नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. म्हणजे तीन हजार भाडे भरणाऱ्याला जास्तीत जास्त तीन लाखांचे दुःख करता येते. या मार्गाने सोने चोरापासून सुरक्षित राहते आणि मालकिणीपासूनही. लग्नसराईत नेमकी दुसऱ्या शनिवारची सुट्टी येते, आणि भाचीच्या लग्नात एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेले दागिने घालून मिरवावे लागते.

चोरी होऊन गेल्यावर बैल गेला आणि झोपा केला या न्यायाने सगळे शहाणे होतात. पंचनामा होतो, पोलीस काय काय गेले ते विचारतात आणि त्या वेळी प्रथमच सबंध कुटुंबाला घरात काय काय होते ते कळते. काही पती-पत्नींना तर परस्परांच्या बचतीचा अंदाज याच कागदावरून येतो, आणि फौजदारासमोर दोघांचीही मान खाली जाते. नातेवाईक दुःखाच्या भेटीला यावेत तसे येतात, चहा घेतात, कुलूप कोणत्या कंपनीचे होते ते विचारतात आणि आपल्याकडे असले काही कसे होऊच शकत नाही ते तपशीलवार सांगतात.

क्वचित चोर सापडतो आणि दागिनेही सापडतात. अशा परत मिळालेल्या मालाला पोलिसी भाषेत मुद्देमाल म्हणतात. खटला चालू असतानाच न्यायालयाच्या आदेशाने तो मूळ मालकाच्या ताब्यात देता येतो, मात्र त्यासाठी मालकाला सुपूर्दनामा, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा ही वस्तू आहे त्या स्थितीत आणून दाखवीन असे हमीपत्र, लिहून द्यावे लागते. तेव्हापासून स्वतःच्याच मंगळसूत्राची वाटी मोडून नवी घडवण्याची त्याला चोरी होते. अनेक ठिकाणी हा माल मंडपातल्या समारंभात परत केला जातो. व्यासपीठ असते, ध्वनिक्षेपक असतो, वरिष्ठ अधिकारी असतात. नाव पुकारले गेल्यावर घरमालक सपत्नीक वर जातो, टाळ्यांच्या गजरात स्वतःचे दागिने पुष्पगुच्छासह स्वीकारतो, आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्तमानपत्रात येतो, आणि त्याखाली घरमालकाचे संपूर्ण नाव, राहण्याचे ठिकाण आणि आदल्या संध्याकाळी घरी गेलेल्या सोन्याचे ग्रॅममधले वजन ठळक टायपात छापलेले असते.